औषधाचा न लिहिलेला खर्च

दरवर्षी १७ ते २३ सप्टेंबर या काळात देशभर राष्ट्रीय औषधदक्षता सप्ताह पाळला जातो. वैद्यकीय महाविद्यालयांतून व्याख्याने होतात, औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी भित्तिपत्रके रंगवितात, आणि सप्ताह संपतो. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या औषध घेणाऱ्या माणसाला मात्र असा काही सप्ताह असतो हे बहुधा ठाऊकही नसते. औषधाने रोग हटला की नाही एवढेच आपण पाहावे, औषधाने आणखी काय केले हे पाहण्याचे काम दुसऱ्या कोणाचे तरी असावे, अशी त्याची समजूत असते. ते काम कोणाचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो स्पष्ट व्हावा म्हणून औषधांच्या एका वर्गाचे उदाहरण घेतले आहे. शरीराची प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे हा तो वर्ग, आणि मेंदूवर व मज्जातंतूंवर होणारे त्यांचे अनिष्ट परिणाम हे ते उदाहरण.

हा विषय डॉक्टरांचा; अर्थशास्त्राच्या अध्यापकाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. कोणत्या रोगावर कोणते औषध द्यावे, हे सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचाच आहे. परंतु एखाद्या लाभासाठी पडणारा खर्च कोण सोसतो आणि तो कोठे लिहिला जातो, हा अर्थशास्त्राचा फार जुना प्रश्न आहे. १९२० साली पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कारखान्याच्या धुराचे उदाहरण देऊन तो विवेचिला. कारखान्याच्या जमाखर्चात कोळसा येतो, मजुरी येते. धुराने काळवंडलेले शेजाऱ्यांचे कपडे धुण्याचा खर्च त्यात येत नाही. तो खर्च होतो, पण ज्याच्या वहीत तो लिहायचा त्याच्या हाती लेखणी नसते. औषधांच्या बाबतीत हा धूर रुग्णाच्याच शरीरात कोंडलेला असतो. म्हणून तो शेजाऱ्यालाही दिसत नाही.

कुंपणच शेत खाते तेव्हा

बाहेरून येणाऱ्या जंतूंशी लढण्यासाठी शरीराने जी फौज बाळगलेली असते, ती काही माणसांच्या बाबतीत आपले आणि परके यांतला भेद विसरते. कुंपणानेच शेत खावे तसा हा प्रकार आहे. फौजेने सांध्यांवर हल्ला चढविला की आमवात होतो, त्वचेवर चढविला की सोरायसिस, मज्जातंतूंच्या वेष्टनावर चढविला की मल्टिपल स्क्लेरोसिस. ल्युपस या विकारात तर त्वचा, सांधे, मूत्रपिंडे, मेंदू यांपैकी काहीही तिच्या तडाख्यात सापडू शकते. हे विकार वर्षानुवर्षे सोबत करतात, पुष्कळदा ऐन कर्तेपणाच्या वयात गाठतात, आणि आमवात व ल्युपस हे दोन पुरुषांपेक्षा स्त्रियांना कितीतरी अधिक प्रमाणात होतात.

या रोगांवर उपाय सापडला, ही विसाव्या शतकातील वैद्यकाची थोर कामगिरी होय. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने खिळलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन टोचले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० सालचे नोबेल पारितोषिक हेंच आणि त्यांच्या दोन सहसंशोधकांना मिळाले. आज आमवातात जगभर प्रथम पसंतीचे ठरलेले मेथोट्रेक्सेट हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आले, तिचे संशोधन एका भारतीयाच्या नेतृत्वाखाली चालत होते. भीमवरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव हे ते शास्त्रज्ञ. कर्करोगासाठी घडविलेले हे औषध अल्प मात्रेत आणि आठवड्यातून एकदाच घेतले तर सांधे वाचविते, हे पुढे दिसून आले. अमेरिकेत या उपयोगास १९८८ साली मान्यता मिळाली. त्यानंतर सायक्लोस्पोरिन आले, टॅक्रोलिमस आले, आणि नेमक्या एखाद्या रेणूवर नेम धरणारी महागडी जैविक औषधे आली. या औषधांमुळे अंथरुणाला खिळणारी कित्येक माणसे आज वर्गात शिकवीत आहेत, कचेरीत काम करीत आहेत. पुढील विवेचन वाचताना ही गोष्ट वाचकांनी क्षणभरही नजरेआड करू नये.

बोजा मेंदूवरचा

परंतु लाभ मोठा आहे म्हणून खर्च शून्य होत नाही. स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रेने अनेकांची झोप उडते. कोणाला अकारण उल्हास वाटतो, कोणाच्या मनावर मळभ येते, क्वचित एखाद्याला भास होऊ लागतात आणि घरच्या माणसांचाच संशय येऊ लागतो. बोस्टन येथील इस्पितळांत पद्धतशीर नोंदी ठेवून १९७२ साली असे दाखविण्यात आले, की प्रेडनिसोनची दैनिक मात्रा ४० मिलिग्रॅमपर्यंत असताना १.३ टक्के रुग्णांत मानसिक विकृतीची लक्षणे दिसली. ४१ ते ८० मिलिग्रॅम मात्रेत हे प्रमाण ४.६ टक्के झाले, आणि ८० मिलिग्रॅमच्या वर १८.४ टक्के. मात्रा वाढली तसा धोका वाढत गेला. कोणी तरी मोजले म्हणून हे कळले, आणि कळले म्हणून मात्रा जपून वाढविण्याचा विवेक आला.

सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस यांनी हात थरथरणे ही नेहमी आढळणारी तक्रार आहे. डोकेदुखी होते, हातापायांना मुंग्या येतात. विरळा रुग्णाच्या बाबतीत रक्तदाब वाढतो, मेंदूच्या मागील भागाला सूज येते, दृष्टी अंधुक होते आणि आकडी येते. हा लक्षणसमूह १९९६ साली प्रथम नीट वर्णिला गेला. वेळीच ओळखून रक्तदाब आवरला आणि औषध थांबविले अथवा बदलले, तर बहुतेक रुग्ण त्यातून सुधारतात. मेथोट्रेक्सेट घेतल्यानंतरचा दिवस डोके जड असल्यासारखा, विचार धुक्यात हरविल्यासारखा जातो, असे कित्येक रुग्ण सांगतात. जैविक औषधांपैकी काहींमुळे क्वचित मज्जातंतूंचे वेष्टनच झिजू लागते. याशिवाय प्रतिकारशक्ती दडपली गेली की शरीरात दबा धरून बसलेले जंतू डोके वर काढतात. पाश्चात्त्य देशांत मेंदूचा पांढरा भाग पोखरणाऱ्या जेसी विषाणूची धास्ती अधिक. आपल्याकडे क्षयाची भीती मोठी, आणि क्षय मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. जैविक औषध सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करण्याची पद्धत आहे ती याच कारणाने.

यांतील गंभीर परिणाम विरळ आहेत, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. सौम्य परिणाम मात्र तितके विरळ नाहीत, आणि खर्चाचा खरा प्रश्न तेथेच आहे. हाताचा कंप वैद्यकाच्या पुस्तकात किरकोळ सदरात मोडतो. पण ज्या कारकुनाची सही बँकेत जुळत नाही, ज्या शिक्षिकेचे फळ्यावरचे अक्षर वेडेवाकडे होऊ लागते, नाशिक रोडच्या मुद्रणालयात किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यात यंत्रावर उभ्या असलेल्या ज्या कामगाराचे बोट वेळेवर मागे येत नाही, त्याच्या लेखी तो किरकोळ नाही. वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीच्या बिलात गोळ्यांची किंमत येते, तपासण्यांची येते. उडालेली झोप, चुकलेली बेरीज आणि घरात उगाच झालेले भांडण येत नाही.

सांगितले का जात नाही

हा खर्च लिहिला का जात नाही, याची कारणे शोधू गेल्यास ती कोणा एकाच्या दुष्टपणात सापडत नाहीत. पहिले कारण संकोचाचे आहे. सांधा दुखतो हे चारचौघांत सांगता येते. मला भास होतात, मला रडू कोसळते, हे सांगता येत नाही. मनाचा विकार म्हणजे घराण्याला बट्टा, ही समजूत अद्याप मावळलेली नाही. उपवर मुलीच्या बाबतीत तर ती तोंडाला कुलूपच घालते. दुसरे कारण असे, की मुंग्या आणि कंप यांना आपल्याकडे सोयीची स्पष्टीकरणे तयार असतात. वय झाले, अशक्तपणा आला, दगदग फार होते, असे म्हटले की विषय संपतो. नवी गोळी केव्हा सुरू झाली आणि मुंग्या केव्हा सुरू झाल्या, या दोन तारखा शेजारी शेजारी कोणी ठेवीत नाही.

तिसरे कारण वेळेचे. सरकारी इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात दुपारपर्यंत रांग हटत नाही. तेथील डॉक्टरने प्रत्येकाला ‘आणखी काय जाणवते?’ असे विचारीत बसावे, ही अपेक्षा त्याच्या दोनच हातांवर अन्याय करणारी आहे. चौथे कारण बाजाराचे. स्टिरॉइडच्या गोळ्या कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. तरीही एकदा मिळालेली चिठ्ठी वर्षभर दाखवून किंवा ती न दाखवताही त्या मिळतात, हे सर्वांना माहीत आहे. सांधेदुखीवरच्या ‘जडीबुटी’च्या काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे तपासण्यांत वेळोवेळी आढळून आलेले आहे. अशी पुडी घेणाऱ्याला आपण काय घेतो हेच ठाऊक नसते, मग त्याच्या परिणामाची तक्रार तो कोणत्या नावाने करणार?

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थकारणावर एक लेख लिहिला. वैद्यकीय सेवा भाजीसारखी बाजारात पारखून घेता येत नाही. देणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते, आणि बाजाराचे नेहमीचे नियम त्यामुळे तेथे लंगडे पडतात, असे त्याच्या प्रतिपादनाचे सार आहे. औषधाच्या अनिष्ट परिणामांच्या बाबतीत या सूत्राची दुसरी बाजू समोर येते. येथे काही गोष्टी अशा असतात, की ज्या घेणाऱ्यालाच ठाऊक असतात आणि देणाऱ्याला नसतात. बोटांना आलेल्या मुंग्या रुग्णाच्याच बोटांना कळतात. ते ज्ञान त्याच्यापाशीच राहिले तर जगातील सर्व ग्रंथालये उघडी असूनही डॉक्टरला ते मिळणार नाही.

रोग की औषध?

हे ज्ञान डॉक्टरपर्यंत न पोहोचल्याने काय घडू शकते, हे ल्युपसच्या उदाहरणावरून चांगले कळते. ल्युपस स्वतःच मेंदूवर आघात करू शकतो. भास, संभ्रम, आकडी ही त्या रोगाचीही लक्षणे आहेत. त्याच रुग्णाला स्टिरॉइडची मोठी मात्रा चालू असेल, तर भास रोगामुळे होत आहेत की औषधामुळे, असा पेच पडतो. रोगामुळे होत असतील तर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे वाढवावी लागतात. औषधामुळे होत असतील तर मात्रा कमी करावी लागते. म्हणजे एकाच लक्षणावर दोन परस्परविरुद्ध उपाय आहेत, आणि चुकीचा उपाय केला तर रुग्णाची दुहेरी हानी होते. तज्ज्ञ डॉक्टर रक्त तपासतात, मेंदूची छायाचित्रे काढतात. त्याबरोबरच एक साधी गोष्ट त्यांच्या फार उपयोगी पडते. मात्रा कोणत्या तारखेस वाढविली आणि झोप कोणत्या तारखेपासून उडाली, हे कोणी लिहून ठेवले असेल तर निम्मा पेच तेथेच सुटू शकतो. चार आण्यांच्या वहीचे काम लाखो रुपयांच्या यंत्राला करता येत नाही, ते असे.

एका पत्राचे मोल

मुंग्यांसारखी क्षुल्लक तक्रार नोंदवून जगाचे काय भले होणार, असे ज्यांना वाटते त्यांनी थॅलिडोमाइडचा इतिहास आठवावा. १९५७ साली पश्चिम जर्मनीत हे औषध शांत झोपेसाठी म्हणून बाजारात आले. गर्भवती स्त्रियांनाही ते निर्धोक मानले जाई. ३१ डिसेंबर १९६० रोजी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेस्ली फ्लॉरेन्स या स्कॉटलंडमधील गावातल्या डॉक्टरचे एक छोटे पत्र प्रसिद्ध झाले. हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्या आपल्या काही रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येतात, बधिरता येते, असे त्यांनी त्यात लिहिले होते. पत्राच्या शीर्षकाला प्रश्नचिन्ह होते. दोष औषधाचाच, असा दावा त्यांनी केला नव्हता; केवळ विचारणा केली होती.

त्या वेळी अमेरिकेच्या औषध प्रशासनात फ्रान्सिस केल्सी यांच्यापुढे याच औषधाच्या परवान्याचा अर्ज पडून होता. कंपनीचा तगादा चालू होता. केल्सी यांनी ते पत्र वाचले आणि कंपनीला विचारले, की प्रौढांच्या मज्जातंतूंना जे औषध बाधते, ते गर्भाला बाधणार नाही कशावरून? समाधानकारक उत्तर आले नाही, आणि परवाना मिळाला नाही. १९६१ च्या अखेरीस सत्य बाहेर आले. तोवर जगभर दहा हजारांहून अधिक बालके हातपाय खुंटलेली किंवा अन्य व्यंगे घेऊन जन्मली होती. अमेरिकेत मात्र ते औषध विक्रीस आलेच नव्हते. खेड्यातील डॉक्टरच्या एका पत्राने आणि ते दप्तरात न गाडणाऱ्या एका अधिकारी स्त्रीने एवढे काम केले.

याच थॅलिडोमाइडचा पुढे कुष्ठरोगातील वेदनामय प्रतिक्रिया शमविण्यासाठी उपयोग होतो असे आढळले, आणि १९९८ साली अमेरिकेने कडक अटींवर त्यास मान्यता दिली. आज ते प्रतिकारशक्तीवर परिणाम करणारे औषध म्हणून ओळखले जाते, आणि ते घेणाऱ्याच्या मुंग्यांची चौकशी करणे हा उपचाराचा भाग मानला जातो. नोंद झाल्यामुळे औषध कायमचे बुडाले नाही. त्याची योग्य जागा ठरली.

नाटालिझुमॅबचा दाखला याहून अलीकडचा आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसवरील या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर २००४ मध्ये मान्यता मिळाली. मेंदू पोखरणाऱ्या जेसी विषाणूच्या रोगाची प्रकरणे समोर येताच फेब्रुवारी २००५ मध्ये त्याची विक्री थांबविण्यात आली. जून २००६ मध्ये ते परत आले, ते प्रत्येक रुग्णाची सक्तीने नोंद ठेवण्याची अट घेऊन. याउलट त्याच रोगावरील डॅक्लिझुमॅब २०१६ साली बाजारात आले आणि मेंदूला दाह होत असल्याच्या नोंदी युरोपातून आल्यावर मार्च २०१८ मध्ये कायमचे मागे घेण्यात आले. एक औषध राहिले, दुसरे गेले. दोन्ही निर्णय नोंदींच्या आधारावर झाले.

आपल्या घरची गोष्ट

हे सारे परदेशांत घडले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणण्याची सोय महाराष्ट्राला नाही. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी द्रव्य मिसळलेले ग्लिसरॉल दिले गेल्याने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषधखरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंतच्या साऱ्या साखळीचे वाभाडे काढले. ते प्रकरण भेसळीचे होते, औषधाच्या अंगभूत परिणामांचे नव्हते, हे खरे. पण औषध रुग्णाच्या पोटात गेल्यावर काय होते याकडे जागता डोळा नसेल तर काय होते, हा त्याचा धडा दोन्हींना सारखाच लागू आहे.

पुढे २००४ च्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमात मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय देशातील दोन विभागीय केंद्रांपैकी एक होते. जुलै २०१० मध्ये या कार्यक्रमाची नव्याने उभारणी होऊन भारतीय औषधदक्षता कार्यक्रम सुरू झाला, आणि २०११ पासून त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आहे. प्रारंभी २२ केंद्रे होती. आज ती कितीतरी वाढली आहेत. रुग्णाने स्वतः भरावयाचा तक्रारीचा अर्ज मराठीतही उपलब्ध आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावरही दुष्परिणाम कळविता येतो. येथून गेलेल्या नोंदी स्वीडनमधील उप्साला येथील जागतिक संग्रहात जमा होतात. म्हणजे विहीर खोदलेली आहे, रहाट बसविलेला आहे. पाणी शेंदायला कोणी येत नाही, अशी स्थिती आहे.

मोजण्याने काय साधते, हे २०२१ च्या उन्हाळ्यात आपण डोळ्यांनी पाहिले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूवर असलेल्या रुग्णांना स्टिरॉइडने जीवदान मिळाले. पण मधुमेह आणि स्टिरॉइडचा बेसुमार वापर यांच्या जोडीने काळ्या बुरशीचा रोग फोफावला. नाकातून डोळ्यांत आणि डोळ्यांतून मेंदूत शिरणारा तो रोग सर्वाधिक आढळलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता, आणि नाशिकमधील इस्पितळेही त्यातून सुटली नाहीत. मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा रोग साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले. प्रत्येक रुग्ण नोंदविला जाऊ लागला, आणि त्या संख्येच्या आधारे ॲम्फोटेरिसिन या दुर्मिळ झालेल्या औषधाचे राज्यांना वाटप झाले. ज्याची मोजदाद होते त्याच्या वाट्याला साधने येतात, हा अंदाजपत्रकाचा साधा नियम आहे. मोजदाद होत नाही त्याच्या वाट्याला सहानुभूती येते, आणि तीही आली तर.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की रुग्णाला दुष्परिणामांची यादी सांगितली तर तो घाबरून औषधच सोडून देईल. हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण अनुभव बहुधा उलट असतो. कंप येऊ शकतो हे ज्याला आधी सांगितलेले असते, तो कंप आल्यावर डॉक्टरकडे जातो. ज्याला सांगितलेले नसते तो मनाशीच काहीतरी ठरवून गोळ्या बंद करतो. स्टिरॉइडच्या बाबतीत हे फार धोक्याचे आहे. काही काळ ते औषध घेतल्यावर शरीर आपले स्वतःचे तत्सम द्रव्य निर्माण करणे मंदावते. अशा वेळी गोळी एकाएकी थांबविली तर जिवावर बेतू शकते. म्हणून हा लेख वाचून कोणीही आपले औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये अथवा कमी करू नये. तक्रार लिहावी, ती डॉक्टरला सांगावी, आणि मात्रेचा निर्णय त्यांच्यावर सोपवावा.

दुसरा आक्षेप असा, की एका माणसाच्या तक्रारीने काही सिद्ध होत नाही. हे अगदी खरे आहे. अर्जावरही ‘संशयित’ दुष्परिणाम असेच म्हटलेले असते. एका शेतातल्या एका कणसावरून पिकाचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून पीकपाहणी करू नये असे मात्र कोणी म्हणत नाही. नोंदी जमल्या की त्यांतून सूत्र दिसते किंवा संशय निराधार ठरतो. संशय निराधार ठरला तरी औषधाचेच भले होते, कारण अफवेवर नोंदीइतका चांगला उतारा नाही.

काय करता येईल

यासाठी नवा कायदा लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही. पहिली गोष्ट भाषेची. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतले गेले तर रक्तपेशींची निर्मिती मंदावून माणूस मृत्यूच्या दारी जाऊ शकतो. आठवड्याचा वार डॉक्टरने चिठ्ठीवर आणि औषध दुकानदाराने पाकिटावर मराठीत लिहावा. ‘फक्त सोमवारी’ हे दोन शब्द लिहिण्यास शाई फार लागत नाही. दुसरी गोष्ट केस पेपरची. जिल्हा रुग्णालयापासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत अशी औषधे चालू असलेल्या रुग्णाच्या केस पेपरवर झोप, मन, हाताचा कंप आणि मुंग्या या चार गोष्टींचा एक शिक्का असावा. विचारण्याचे काम परिचारिकेलाही करता येईल. होय किंवा नाही एवढेच लिहावयाचे आहे.

तिसरी गोष्ट खास आपल्या शहराची. १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्ये आहे, आणि राज्यभरातील वैद्यकीय महाविद्यालये त्यास संलग्न आहेत. दुष्परिणामांची नोंद कशी करावी, हे अभ्यासक्रमात आहेच. ते उत्तरपत्रिकेतून बाहेर येऊन बाह्यरुग्ण विभागात यावे, आणि आंतरवासी डॉक्टरने वर्षभरात अशा काही नोंदी प्रत्यक्ष केल्याखेरीज त्याची आंतरवासिता पुरी झाली असे मानू नये. विद्यापीठाने मनावर घेतले तर ज्या शहरातून राज्याला डॉक्टरांच्या पदव्या मिळतात, त्या शहरातून ही सवयही राज्याला मिळेल.

शेवटची गोष्ट तुमची-आमची. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी हा लिहिता वर्ग आहे. हजेरीपट, रोजकीर्द, वह्या यांत आपले आयुष्य जाते. घरात कोणाला अशी औषधे चालू असतील तर एका वहीत तीन रकाने आखावेत: तारीख, औषधाची मात्रा आणि जाणवलेली तक्रार. आई सांगते की रात्री झोप येत नाही, तेव्हा ‘वयामुळे होते’ असे म्हणण्याऐवजी ते तिसऱ्या रकान्यात लिहावे. ती वही पुढच्या खेपेस डॉक्टरपुढे ठेवावी, आणि संशय बळावला तर मराठी अर्ज भरून पाठवावा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज भरून देणे हे राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना सहज जमण्यासारखे काम आहे. पूर्वी गावात पोस्टमन आणि मास्तर लोकांची पत्रे लिहून देत असत. हे त्याच परंपरेतले आहे.

जमाखर्चाच्या वहीत खर्चाची बाजू कोरी असेल तर धंदा नफ्यात आहे असे शहाणा व्यापारी मानीत नाही, वही अपुरी आहे असे मानतो. प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांनी आपल्या समाजाला पुष्कळ दिले आहे. त्यांची जमेची बाजू खरी आहे म्हणूनच खर्चाची बाजूही खरी लिहिली गेली पाहिजे, म्हणजे पुढच्या रुग्णाला तेच औषध अधिक जपून, अधिक योग्य मात्रेत आणि कमी त्रासात मिळेल.